दात्याच्या दारी दावा

२००० साली अमेरिकेतील एका तरुणाला मायक्रोसॉफ्ट कंपनीतून दूरध्वनी आला. बोलणाऱ्याचे बोलणे सौजन्याचे होते. तरुणाचे नाव एव्हरी ली. महाविद्यालयात शिकत असताना त्याने 'व्हर्च्युअलडब' नावाची एक आज्ञावली लिहिली होती. संगणकावरील चित्रफितीचा नको तो भाग कापावा, हवा तो जोडावा, चित्र उजळ करावे, फाईलचा आकार कमी करावा, अशी संकलनाची कामे ती करीत असे. आणि ज्याला हवी त्याला ती मूळ संहितेसकट विनामूल्य मिळत असे. मायक्रोसॉफ्टने चित्रफिती साठविण्यासाठी 'एएसएफ' नावाची स्वतःची एक मांडणी तयार केली होती. ली याने त्या फायलींची रचना आपल्या बुद्धीने उलगडली आणि त्या उघडण्याची सोय आपल्या आज्ञावलीत केली. दूरध्वनीवरील सांगणे एवढेच होते की, या मांडणीवर कंपनीचे पेटंट आहे. तुम्ही ती स्वतः उलगडली असली तरी पेटंटचा भंग होतोच. ली याने ती सोय काढून टाकली. प्रकरण तेथेच मिटले.

न्यायालय नाही, साक्षीपुरावा नाही, निकाल नाही. ते पेटंट ली याच्या आज्ञावलीला खरोखर लागू पडत होते की नव्हते, याचा निवाडा कोणीही केला नाही. तो करून घ्यायचा तर अमेरिकेत पेटंटच्या दाव्याला लाखो डॉलर मोजावे लागतात. एका बाजूला जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक आणि दुसऱ्या बाजूला आपले श्रम फुकट वाटणारा एकटा माणूस, अशा सामन्यात कायदा काय म्हणतो हे महत्त्वाचे राहतच नाही. कायदा काय म्हणेल ही भीती पुरेशी असते. मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची कायद्याविषयीची चिंता म्हणतात ती हीच. त्यांच्यावर प्रत्यक्षात भरले गेलेले खटले फारसे ऐकिवात नाहीत. भीतीचा परिणाम न्यायालयाच्या दप्तरात सापडत नाही. तो सापडतो गळालेल्या सोयींत आणि कधी लिहिल्याच न गेलेल्या ओळींत.

व्हर्च्युअलडबनंतर या क्षेत्रात पुष्कळ भर पडली. केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट ही आज प्रचलित असलेली मोफत संकलनाची साधने. या तिन्हींच्या पोटात एकच यंत्रणा आहे, ती म्हणजे 'एफएफएमपेग'. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने ती २००० साली सुरू केली आणि पुढे ती बहुतांशी स्वयंसेवकांनी वाढविली. जुन्या-नव्या, प्रसिद्ध-अप्रसिद्ध शेकडो प्रकारच्या चित्र-ध्वनिफायली ती वाचू शकते. टाळेबंदीच्या काळात घरातल्या घरात धडे चित्रित करून विद्यार्थ्यांना पाठविणारे शिक्षक, लग्नाच्या फिती जोडणारे छायाचित्रकार, स्नेहसंमेलनाची ध्वनिचित्रफीत तयार करणारे विद्यार्थी यांतील कितीतरी जणांनी ही यंत्रणा नकळत वापरली आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअर शिकविणारे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार झाले. ज्या शाळेला महागडी परवानाधारक साधने परवडत नाहीत, तिच्या दृष्टीने मोफत साधन टिकणे वा न टिकणे हा तात्त्विक वादाचा विषय नव्हे.

चित्रफितीचेच क्षेत्र कायद्याच्या दृष्टीने इतके काटेरी का? याचे कारण तंत्रात आहे. चित्रफीत आहे तशी साठविली तर काही मिनिटांतच संगणकाची जागा संपेल. म्हणून ती दाबावी, आक्रसावी लागते. एका चित्रात आणि त्यानंतरच्या चित्रात जेवढा फरक तेवढाच नोंदवायचा, डोळ्याला जाणवणार नाही ते टाकून द्यायचे, अशा युक्त्यांनी ते साधते. या युक्त्या गणिती आहेत आणि त्यांतील प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी पेटंट घेऊन बसले आहे. २००३ साली निश्चित झालेली 'एच. २६४' ही संक्षेपणाची पद्धत आज फोनपासून दूरचित्रवाणीपर्यंत सर्वत्र आहे. तिच्यावरील पेटंटे अनेक कंपन्यांत विखुरलेली असल्याने ती एकत्र करून परवाना देण्याचे काम 'एमपीईजी एलए' या अमेरिकी संस्थेने केले. व्यवस्था सोयीची होती, यात शंका नाही. प्रत्येक कंपनीच्या दारी जाण्यापेक्षा एका खिडकीवर पैसे भरणे केव्हाही बरे. पण खिडकीवरचा दरफलक वाचला म्हणजे तो कोणासाठी रंगविला होता हे कळते.

वर्षाला पहिल्या १ लाख प्रतींपर्यंत शुल्क नाही. त्यापुढे ५० लाख प्रतींपर्यंत प्रत्येक प्रतीस २० सेंट, त्याहून पुढे १० सेंट. आणि या साऱ्यावर एक कमाल मर्यादा: एका कंपनीला वर्षाला ठराविक रकमेपेक्षा अधिक भरावे लागणार नाही. २०११ ते २०१५ या काळात ही मर्यादा ६५ लाख डॉलर होती. समजा, एखाद्या मोफत आज्ञावलीच्या वर्षात १० लाख प्रती लोकांनी घेतल्या. पहिला लाख वगळता उरलेल्या ९ लाखांवर १ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे सरासरीने प्रत्येक प्रतीमागे १८ सेंट. आता एखाद्या बलाढ्य कंपनीने १० कोटी प्रती वितरित केल्या असे धरू. मर्यादेमुळे तिला ६५ लाख डॉलर भरून सुटता येते. प्रतीमागे साडेसहा सेंट. तिच्या अकराव्या कोटीला तर एक सेंटही पडत नाही. प्राप्तिकरात उत्पन्न वाढेल तसा दर वाढतो. येथे उत्पन्न वाढेल तसा दर घटतो आणि ज्याचे उत्पन्न शून्य त्याला तो सर्वांत जड जातो.

शिवाय 'प्रत' मोजायची कशी? विकणाऱ्याजवळ पावतीपुस्तक असते. मोफत सॉफ्टवेअरची प्रत घेणाऱ्याने ती दहा जणांना दिली, त्यांनी आणखी शंभरांना दिली, कोणा महाविद्यालयाने ती आपल्या साऱ्या संगणकांवर चढविली, तर त्याची नोंद कोणाकडेच नसते. नोंद नसणे हा तेथे हिशेबातील गलथानपणा नसून त्या व्यवस्थेचा प्राण आहे. दर प्रतीमागे शुल्क ही कल्पनाच प्रती मोजणाऱ्या व्यापाऱ्याच्या जगातून आलेली आहे.

उत्तरदायित्व हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्पादनखर्चाचाच एक भाग असतो. औषधाचा कारखानदार संभाव्य नुकसानभरपाईचा विमा उतरवितो आणि विम्याचा हप्ता औषधाच्या किमतीत मिळवितो. अखेरीस तो भार ग्राहकांत वाटला जातो. विक्रेत्यावर जबाबदारी टाकणारे सारे आधुनिक कायदे या गृहीतावर उभे आहेत की, जबाबदाराजवळ किंमत नावाची एक नळी आहे आणि तिच्यातून हा भार पुढे सरकेल. जो किंमतच घेत नाही त्याची नळी बंद असते. त्याच्यावर टाकलेला भार त्याच्या घरच्या मिळकतीवर येऊन थांबतो. अशा वेळी कोणताही शहाणा माणूस करतो तेच तो करतो: धोक्याची वस्तू देणे बंद करतो.

मोफत सॉफ्टवेअरच्या परवान्याने ही कोंडी आणखी घट्ट केली आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. यांतील बऱ्याच आज्ञावली ज्या जीपीएल परवान्याखाली दिल्या जातात, त्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे सातवे कलम असे की, पेटंटच्या अटींमुळे घेणाऱ्या प्रत्येकाला ती आज्ञावली शुल्काशिवाय पुढे देता येणार नसेल, तर तुम्ही ती मुळीच वितरित करू नका. मला परवाना मिळाला, तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणण्याची मुभा नाही. तत्त्व म्हणून हे कलम उदात्त आहे. व्यवहारात मात्र तडजोडीची वाट ते बंद करते.

मग पळवाटा निघाल्या. त्यांपैकी एक तर मोठी मौजेची आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने एमपी३ ध्वनिफायली तयार करणाऱ्या मोफत आज्ञावलींच्या लेखकांना पेटंट शुल्काची पत्रे धाडली. काही प्रकल्प तेथेच थांबले. 'लेम' नावाचा प्रकल्प मात्र टिकला. हे नाव ज्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांपासून बनले त्याचा अर्थच मुळी 'लेम हा एमपी३ संक्षेपक नव्हे' असा! त्या मंडळींनी चालण्याजोगी तयार आज्ञावली न देता केवळ मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामचा लिखित मजकूर तेवढा प्रसिद्ध केला. पाककृती छापली, पदार्थ वाढला नाही. ज्याला हवे त्याने आपल्या घरी शिजवून घ्यावे. ध्वनिसंकलनाच्या 'ऑडॅसिटी' या मोफत साधनानेही वर्षानुवर्षे हाच मार्ग धरला. एमपी३ फाईल हवी असेल तर लेमचा तुकडा वापरणाऱ्याने अन्यत्रून उतरवून स्वतः जोडायचा. सर्वसामान्य वापरणाऱ्याला वाटे, हे साधन अर्धवट आहे. ते अर्धवट नव्हते. त्याचा एक हात कायद्याने बांधलेला होता. एमपी३च्या परवान्याचा कार्यक्रम फ्राउनहोफरने २३ एप्रिल २०१७ रोजी संपविला, कारण पेटंटांची मुदत संपली. त्यानंतर हळूहळू ती गाठ सुटली. तोवर जवळजवळ दोन दशके गेली होती.

दुसरी वाट सिस्को या कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये दाखविली. तिने एच. २६४ चा आपला संक्षेपक मूळ संहितेसकट खुला केला आणि तयार प्रतींचे पेटंट शुल्क आपण भरू असे जाहीर केले. फायरफॉक्स या न्याहाळकाने ही देणगी स्वीकारली. औदार्य होतेच, पण वर सांगितलेली कमाल मर्यादा आठवली म्हणजे त्या औदार्याचे गणितही उलगडते. जी कंपनी मर्यादेपर्यंत पोहोचते, तिला पुढील प्रत्येक प्रत फुकट पडते. ती जगाला वाटली तरी तिचे काही जात नाही. मात्र अट अशी की, तयार प्रत सिस्कोकडूनच उतरवली पाहिजे. संहिता तुमच्या हाती आहे, तीत सुधारणाही करता येते. पण सुधारलेली प्रत तुम्ही स्वतः तयार केली की पेटंटचे छत्र नाहीसे होते. मुक्त सॉफ्टवेअरमधील 'मुक्त' हा शब्द अशा रीतीने कागदावर राहतो. जेथे असा धनी भेटत नाही तेथे काय होते ते २०२२ साली फेडोरा या लिनक्स प्रणालीत दिसले. तिच्या मूळ वितरणातून एच. २६४ आणि तिची पुढची आवृत्ती एच. २६५ यांना यंत्राच्या पातळीवर मिळणारे साहाय्य काढून टाकण्यात आले. कारण तांत्रिक नव्हते, कायद्याचे होते.

या साऱ्यात भूगोलाचा वाटा मोठा आहे. युरोपच्या पेटंट कराराचे ५२वे कलम संगणकाच्या आज्ञावलीला, ती निव्वळ आज्ञावली असेल तर, पेटंट देत नाही. हा दरवाजा किलकिला करू पाहणारा प्रस्ताव युरोपीय संसदेने ६ जुलै २००५ रोजी १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेली 'व्हीएलसी' ही चित्रफिती दाखविणारी आज्ञावली फ्रान्समध्ये राहून जगभर वाटली गेली, ती याच आधारावर. भारताची कथा याहून फारशी वेगळी नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(के) गणिती पद्धती आणि निव्वळ संगणक-आज्ञावली यांना शोध मानत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने या कलमाला मुरड घालण्याचा प्रयत्न झाला. २००५ साली संसदेने केलेल्या कायद्यात ती मुरड गळाली. औषधांच्या पेटंटवर त्या वेळी जो गदारोळ झाला, त्याच्या आवाजात ही लहानशी गोष्ट फारशा कोणाच्या कानी पडली नाही. परिणाम असा की, एकच आज्ञावली नाशिकला निर्धास्त असते आणि न्यूयॉर्कला संशयित. आणि इंटरनेटवर ठेवलेली वस्तू तर दोन्हीकडे एकाच क्षणी पोहोचते.

वापरणाऱ्याच्या अपराधाबद्दल साधन देणाऱ्याला धरावे काय, हा दुसरा प्रश्न. तो येथे थोडक्यात आटोपता येतो, कारण त्याचे निदान एक उत्तर जुने आणि स्पष्ट आहे. सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्रावर लोक चित्रपट उतरवून घेतात, म्हणून कंपनीच दोषी, असा दावा हॉलिवूडने केला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ५ विरुद्ध ४ मतांनी तो फेटाळला. साधनाचा भरीव असा वैध उपयोग असेल तर ते विकणारा दोषी ठरत नाही. पुढे १९९८ च्या अमेरिकी कायद्याने मात्र कुलूप तोडणारे साधन देणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला. डीव्हीडीचे कुलूप उघडणाऱ्या आज्ञावलीवरून नॉर्वेच्या योन लेक योहान्सेन या तरुणावर खटला झाला. आज्ञावली प्रसिद्ध झाली तेव्हा, १९९९ साली, तो १५ वर्षांचा होता. २००३ साली दोन न्यायालयांनी त्याला निर्दोष ठरविले. विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी तिचे कुलूप उघडणे हा अपराध नव्हे, असे नॉर्वेच्या न्यायाधीशांना वाटले. आपल्याकडे २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात आलेल्या ६५अ कलमात हक्कभंगाचा हेतू असणे आवश्यक मानले आहे, हे त्यातल्या त्यात सुज्ञपणाचे.

खरी नवी चिंता आहे ती दोषाची. समजा, एखाद्या कुटुंबाने मुलीच्या लग्नाची फीत मोफत आज्ञावलीत संकलित करावयास घेतली. आज्ञावलीतील चुकीमुळे मूळ फाईलच नष्ट झाली. दुसरी प्रत नाही. भरपाई कोणाकडे मागायची? आजवरचे उत्तर परवान्यातच मोठ्या अक्षरांत छापलेले असे: वस्तू आहे तशी दिली आहे, हमी कसलीही नाही. विकणाऱ्याने अशी पाटी लावली तर ती अन्यायाची ठरेल. देणाऱ्याने लावली तर?

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वीच्या कायदेपंडितांनी केला नव्हता असे नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो. त्याचे १५०वे कलम निक्षेपाविषयी आहे, म्हणजे आपली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करण्याविषयी. कलमाखाली दोन उदाहरणे दिली आहेत. एक माणूस दुसऱ्याला घोडा वापरायला देतो. घोडा खट्याळ आहे हे त्याला ठाऊक असते, पण तो ते सांगत नाही. घोडा उधळतो, स्वार पडतो, देणारा जबाबदार. दुसऱ्या उदाहरणात गाडी भाड्याने दिलेली आहे. ती मोडकळीस आल्याचे मालकाला ठाऊकच नाही, तरीही अपघात झाला तर मालक जबाबदार. भेद किती साधा आणि किती न्याय्य आहे! भाडे घेणाऱ्याने आपली गाडी तपासलीच पाहिजे, कारण तपासणीचा खर्च भाड्यात आलेला आहे. फुकट देणाऱ्यावर कायदा एवढेच बंधन घालतो की, तुला ठाऊक असलेला दोष लपवू नकोस. जर्मन नागरी संहितेचे ५२१वे कलमही दान देणाऱ्याला केवळ हेतुपूर्वक केलेल्या अपायाबद्दल आणि घोर निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरते. मुक्त सॉफ्टवेअरच्या लेखकाला याहून अधिक काही नको असते. त्याच्या आज्ञावलीतील ज्ञात दोषांची यादी तर चारचौघांत उघडी टांगलेली असते. घोड्याचा खट्याळपणा तो स्वतःच जाहीर करतो.

२०२४ साली युरोपीय संघाने दोन मोठे कायदे केले. पहिला सदोष वस्तूंच्या उत्तरदायित्वाचा. १९८५ च्या जुन्या निर्देशाची जागा घेणाऱ्या या नव्या निर्देशाने सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे असे प्रथमच स्पष्ट म्हटले आणि ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या वस्तूंना तो लागू केला. व्यवसायासाठी नसलेली खाजगी माहिती नष्ट होणे हेही भरपाईस पात्र नुकसान ठरले. म्हणजे आपल्या लग्नाच्या फितीचे उदाहरण त्यात नेमके बसते. आणि हे उत्तरदायित्व कराराने टाळता येत नाही. परवान्यातील मोठी अक्षरे निरुपयोगी झाली. दुसरा कायदा सायबर सुरक्षेचा. त्याचा भंग केल्यास दंडाची कमाल मर्यादा दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के, यांतील जी मोठी असेल ती. या कायद्याचा पहिला मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आला तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात खळबळ उडाली. डेबियन या जुन्या स्वयंसेवी प्रकल्पाच्या सभासदांनी तर त्यावर मतदान घेऊन जाहीर निवेदन काढले. आरडाओरड वाया गेली नाही. दोन्ही कायद्यांतून व्यापाराबाहेर दिलेले मुक्त सॉफ्टवेअर वगळण्यात आले. शिवाय उत्तरदायित्वाच्या निर्देशात असा खुलासा आला की, अशा मोफत संहितेचा भाग उचलून एखाद्या कंपनीने आपल्या विक्रीच्या वस्तूत घातला, तर दोषाबद्दल ती कंपनी जबाबदार, मूळ लेखक नव्हे. जो किंमत घेतो त्यानेच जबाबदारी घ्यावी, हे करार कायद्यातील घोडा आणि गाडी यांचेच तत्त्व दीडशे वर्षांनी युरोपात नव्या भाषेत अवतरले.

ग्राहकाची बाजू येथे विसरता कामा नये. ज्याची फीत गेली त्याला दात्याच्या सद्हेतूने काय मिळणार? शिवाय 'मोफत' हा शब्द आज बाजारात फार स्वस्त झाला आहे. वापरणाऱ्याची माहिती गोळा करून ती जाहिरातदारांच्या कामी लावणाऱ्या कंपन्याही आपली साधने मोफतच देतात. ते दान नव्हे. ती किंमत दुसऱ्या नाण्यात वसूल केलेली असते. युरोपीय कायद्याने अशा मोफत वस्तूंना सूट दिलेली नाही, हे योग्यच झाले. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मात्र मोबदला देणाऱ्यालाच ग्राहक मानतो आणि 'वस्तू'ची व्याख्या करताना घन, द्रव आणि वायू यांच्यापाशी थांबतो. सॉफ्टवेअरचा त्यात उल्लेख नाही. दात्याला यामुळे संरक्षण मिळते, पण माहितीच्या रूपाने किंमत वसूल करणाऱ्यालाही ते आयतेच मिळते.

दोष हुडकणारे आता यंत्रे झाली आहेत, आणि त्यामुळे कामाचा ओघ भलताच वाढला आहे. २०२५ साली गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने एफएफएमपेगमध्ये एक सुरक्षा-दोष शोधला. तो होता १९९५ च्या एका संगणकीय खेळातील चित्रफिती वाचणाऱ्या संहितेत. कोणा स्वयंसेवकाने हौसेखातर लिहिलेला तो तुकडा. दोष कळविल्यापासून ९० दिवसांनी तो जगजाहीर करण्याचे गूगलचे धोरण आहे. एफएफएमपेगच्या मंडळींनी दोष दुरुस्त केला, पण त्यांचा संतापही उघडपणे बाहेर पडला. जी कंपनी आमची यंत्रणा वापरून व्यवसाय करते आणि दोष शोधण्यावर एवढा खर्च करते, तिने सोबत दुरुस्ती तरी पाठवावी किंवा दुरुस्तीचे पैसे तरी द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीचे समर्थक म्हणाले, दोष कळविणे हीच सेवा आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण एकाच्या वेळेची किंमत पगारपत्रकात असते आणि दुसऱ्याच्या वेळेची कोठेच नसते, हा फरक राहतोच.

नव्या कायद्यांतील खरी मेख नेमकी याच फरकात दडलेली आहे. 'व्यापाराबाहेर' म्हणजे काय? सायबर सुरक्षेच्या कायद्याच्या प्रास्ताविकात याची फोड केली आहे. नफ्याचा हेतू न ठेवता देणग्या घेणे हा व्यापार नव्हे. पण आज्ञावली तयार करण्याच्या आणि देण्याच्या खर्चापेक्षा अधिक देणग्या घेणे हे मात्र व्यापाराचे लक्षण ठरू शकते. तांत्रिक साहाय्यासाठी प्रत्यक्ष खर्चापलीकडे आकार घेणे हेही तसेच. आता पुण्यात किंवा प्रागमध्ये बसून संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर संकलनाची आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाचा 'खर्च' किती? वीज, इंटरनेट, जुना संगणक, संकेतस्थळाचे भाडे. वर्षाला फार तर काही हजार रुपये. त्याचे वर्षभराचे श्रम खर्चात धरायचे की नाही? अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकाप्रमाणे ते धरलेच पाहिजेत, कारण तेच तास त्याने शिकवणीला दिले असते तर मिळकत झाली असती. मग त्याच्या तासाचा दर कोणता, पुण्याचा की प्रागचा? आणि श्रम धरायचेच नाहीत असे ठरले, तर संकेतस्थळाचे भाडे फिटल्यावर देणगीपेटीत पडणारा पुढचा प्रत्येक युरो त्याला दात्याच्या रांगेतून उठवून व्यापाऱ्याच्या रांगेत नेऊन बसवितो. या कायद्यातील सुरक्षा-दोष कळविण्याची कलमे ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि उरलेली बहुतेक ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. तासाचा दर त्यांत कोठेही लिहिलेला नाही.